भेवकाकांची शेवटची सही

एखादी गोष्ट पहिल्याच फटक्यात नीट जमली की भेवकाकांना घाम फुटायचा. जगातली माणसं काही बिघडलं की घाबरतात, ह्यांचं सगळंच उलटं. मशीन मध्येच बंद पडलं, साहेब डोक्याला हात लावून बसले, की हा गृहस्थ शांतपणे डबा उघडून जेवायला बसायचा. आणि रात्रभराचं काम विनातक्रार पार पडून वस्तू हातात आली, जिथल्या तिथे चपखल बसली, सगळे 'वा वा' करायला लागले, की काका खिशातून चौकड्याचा रुमाल काढायचे, कपाळ पुसायचे आणि म्हणायचे, "जास्तच बरोबर बसून राहिलं वं. मले भेव लागून राहिलं."

भेव म्हणजे भय, हे नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी. भेवकाका हे नाव मीच ठेवलं होतं, तेही हेटाळणीनं, हे आधीच कबूल करून टाकते. नंतर कबूल करायला बरंच काही आहे.

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमची छोटीशी कंपनी. आम्ही हाडं छापतो. हसू नका, खरंच छापतो. कोणाचं जबड्याचं किंवा कवटीचं हाड काढून टाकावं लागलं, की त्या माणसाचा स्कॅन आमच्याकडे येतो. त्यावरून मी कॉम्प्युटरवर हुबेहूब त्याच्या मापाचा तुकडा तयार करते. मग मशीनमध्ये टायटॅनियमची पिठाहून बारीक पूड पसरते, लेझर ती हवी तेवढीच वितळवतो, वर पुन्हा पुडीचा थर, पुन्हा लेझर. असं थरावर थर चढत तासन् तासांनी एक प्लेट तयार होते. ती बाहेर काढणं, तिला छापताना दिलेले आधाराचे काटे मोडणं, घासणं, साफ करणं आणि बसवून पाहणं हे काकांचं काम. त्याआधी तीस वर्षं त्यांनी सीताबर्डीवरच्या एका दंतशाळेत कवळ्या बनवल्या होत्या. "अर्धं नागपूर माह्या दातानं जेवते," असं ते म्हणायचे. त्या एकाच वाक्यापुरता त्यांच्या आवाजात थोडा ताठा यायचा.

प्रत्येक प्लेटबरोबर आम्ही त्या पेशंटच्या डोक्याची प्लास्टिकची प्रतिकृतीही छापत असू, प्लेट बसवून पाहण्यासाठी. ते डोकं टेबलावर आलं की काका आधी हात धुऊन यायचे. मग दोन्ही हातांनी ते उचलून समोर धरायचे आणि म्हणायचे, "जय भीम, दादा." बाईचं असलं तर "जय भीम, बाई." मग कामाला हात. संध्याकाळी घरी जाताना त्यावर स्वच्छ फडकं टाकायचे. त्या खोलीत त्यांनी कधी चहासुद्धा प्यायला नाही. मी महाल भागातल्या कारकुनांच्या घरातली, पुण्याला शिकून आलेली, शहाणपणाचा मक्ता घेतलेली. एकदा मी म्हटलंच, "काका, प्लास्टिकचा आहे हो तो."

"प्लास्टिकचा हाये," काका म्हणाले, "पण कोणाचा तरी हाये ना."

त्यांच्या भेवाला अंत नव्हता. टायटॅनियमची पूड ठिणगीनं पेट घेते, म्हणून ठिणग्या उडवणारा टेरिकॉटचा शर्ट घालून कोणी मशीनच्या खोलीत गेलं की हे दारातच अडवायचे. प्लेटच्या बारीक जाळीत पूड अडकून राहते, म्हणून साफ झालेली प्लेट काळ्या कागदावर धरून पेन्सिलीनं टकटक करायचे आणि एक कणही पडला तर पुन्हा पहिल्यापासून धुवायला घ्यायचे. मी घड्याळ दाखवायची. ते म्हणायचे, "तुले घाई हाये. त्याच्या डोक्यात हे तीस-चाळीस वर्षं राहणार हाये. त्याले काही घाई नाही."

एकदा पावसानं वीज गेली, मशीनं थांबली, तेव्हा मी थट्टेनंच विचारलं, "काका, एवढं भ्यायला झालं तरी काय तुम्हाला?" काका रुमालाच्या घड्या घालायला लागले. मग त्यांनी धाकट्या भावाचं सांगितलं. ट्रकनं उडवलं होतं त्याला. पायात पट्टी बसवली, ती कुठेतरी खरखरीत राहिली होती, आत सडलं, दोनदा पाय उघडावा लागला. भाऊ जन्माचा लंगडा झाला. "मी डॉक्टरवर नाही रागावलो," काका म्हणाले. "मी त्या माणसाचा इचार करतो ज्यानं ती पट्टी घासली. त्या दिवशी त्याले घरी जायची घाई असन. आपल्या हातून एकाचा पाय गेला हे त्याले माहीत बी नसन. मजेत जेवत असन तो. मले त्याच्यावानी मजेत नाही जेवायचं, पोरी." आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मी हे विसरूनही गेले.

काकांची एक सवय मात्र साहेबांना सहन होत नसे. ऑपरेशनच्या आधी ते आपल्या वेळात, आपल्या स्कूटरवर हॉस्पिटलात जाऊन पेशंटला पाहून यायचे. "हात लावून येतो," म्हणायचे. पेशंटच्या उशाशी उभे राहायचे, परवानगी मागायचे आणि डोक्यावरून हळूच हात फिरवायचे. एका हॉस्पिटलातून तक्रार आली की तुमचा कोण म्हातारा येऊन आमच्या पेशंटची डोकी चाचपतो? साहेबांनी सर्वांसमोर काकांना झापलं. पुन्हा गेलात तर घरी बसा, म्हणाले. काका मान खाली घालून "हव साहेब, हव साहेब" करत राहिले. मी मनात म्हटलं, बरं झालं, पेशंट सुटले एकदाचे.

त्यानंतर महिन्याभरात कळमन्याच्या हमालाचं काम आलं.

कळमना बाजारात ट्रकवरून पोतं डोक्यावर पडलं होतं. जीव वाचवायला डॉक्टरांनी कवटीचा तुकडा काढला होता आणि कित्येक महिने तो माणूस डोक्याच्या एका बाजूला खड्डा घेऊन, त्यावर लोकरी टोपी घालून फिरत होता. स्कॅन नेहमीच्या सेंटरवरचा नव्हता. चित्रं सुटी सुटी आली होती, ब्रेडच्या कापांसारखी. ती मी एकावर एक रचून डोकं तयार केलं. कापांचा क्रम उलटा लागला तर अख्खं डोकं आरशातल्यासारखं होतं, डावं ते उजवं. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं की हो मी! शिवाय ह्या चित्रांत पेशंट समोर बसल्यासारखा दिसतो, त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला. मनातल्या मनात उलटं करून पाहायची सवय असते. त्या दिवशी एकदा कापांचा क्रम उलटा लागला आणि एकदा मी मनात उलटं केलं, आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. फॉर्मवर 'डावी बाजू' लिहिलं होतं, मी प्लेटवर 'डावी' कोरायला टाकलं. डॉक्टरांनी मोबाईलवर चित्र पाहून अंगठा पाठवला. झालं.

त्यात साहेबांनी वेळ वाचवायला नवा नियम काढला होता, प्रतिकृती पूर्ण डोक्याची नको, खड्ड्याभोवतीचा तळहाताएवढा तुकडाच पुरे. तो तुकडा टेबलावर आला तेव्हा काका हात धुऊन आले, तुकडा उचलला आणि अडखळले. त्याला जय भीम कसा करावा ते त्यांना कळेना.

"याचं तोंड कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"नाहीये तोंड. कपाळाच्या बाजूला मी बाणाची खूण केलीय. बसवून पाहा."

त्यांनी प्लेट बसवली. टक्क करून बसली, केसही आत जाऊ नये अशी. जवळ उभ्या असलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी काकांकडे पाहिलं तर रुमाल बाहेर.

"जास्तच बरोबर बसून राहिली."

"मग काय वाकडी बसायला हवी होती?" मी म्हटलं.

"तसं नाही वं. प्लेट तुह्या कॉम्प्युटरातून आली, हा तुकडा बी तिथूनच आला. एका आईची दोन लेकरं. ते एकमेकायले खोटं पाडतीन का?" आणि मग हळूच, साहेब गेल्यावर, "तू चालतं का माह्यासंगं हॉस्पिटलात? तू इंजिनियर हायेस, तुले आत सोडतीन. एकदा हात लावून येऊ."

मला त्यांचा तो ओशाळा चेहरा आजही दिसतो. मी म्हटलं, "काका, पुरे झालं आता. तुमच्या भेवापायी सगळ्यांचा जीव नकोसा झालाय." तपासणीच्या कागदावर 'बाजू तपासली' अशा ओळीपुढे सर्वांत शेवटी त्यांची सही लागायची. कागदावर डावी, प्लेटवर डावी. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. त्यांनी सही केली आणि प्लेटचा डबा बंद होऊन हॉस्पिटलात गेला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी नुकतीच खुर्चीत बसले होते, तर त्यांचा फोन. मागे ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता.

"पोरी, मी इथी आलो. तो तुकडा झोल्यात टाकून आणला होता. दादानं टोपी काढून देली मले. खड्डा डाव्या अंगाले हाये."

"मग बरोबरच आहे की! फॉर्मवर डावीच आहे."

"हव. पण मी तुकडा त्याच्या डोक्यापाशी धरला, तर तुह्या कपाळाची खूण मागं, मानेकडं येऊन राहिली. पुढं केली तर वरचं खाली होते. तू जरा पूर्ण डोकं उघडून पाह्य ना."

मी कॉम्प्युटरवर पूर्ण डोकं उघडलं. पहिल्यांदा मला काहीच वावगं दिसलं नाही. मग मी, एवढी शिकलेली बाई, पडद्यावरचं डोकं पाठमोरं फिरवलं आणि आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवला, काका ठेवायचे तसा. पडद्यावरचा खड्डा उजवीकडे होता. माझा हात डावीकडे होता. मी कापांचा क्रम पाहिला. तो उलटा लागला होता. आधी वाटलं बाथरूमला पळावं. ऑपरेशनात डोकं उघडल्यावर प्लेट बसणार नव्हती. उघडं डोकं, टेबलावर निजलेला माणूस, आणि डॉक्टरांच्या हातात मी कोरलेलं 'डावी'.

"काका..." मी म्हटलं. पुढचं निघेना.

"हव," काका म्हणाले. "समजलं." फोन बंद झाला.

पुढची पंचवीस मिनिटं मी कशी काढली ते सांगता येत नाही. तिकडे काय झालं ते मला नंतर त्या हमालाच्या बायकोनं सांगितलं. ट्रॉली आत जायला निघाली होती. काका पुढे झाले आणि त्यांनी ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. वॉर्डबॉय ओरडले, सिस्टर ओरडली, काका थरथर कापत होते, पण दांडा सुटेना. "डॉक्टरसाहेबायले बलवा," एवढंच म्हणत राहिले. डॉक्टर तावातावानं बाहेर आले. काकांनी झोल्यातून तुकडा काढून हमालाच्या डोक्यापाशी धरला. डॉक्टर दोन मिनिटं पाहात राहिले आणि मग त्यांनी स्वतःच ट्रॉली मागे वळवली. हमालाची बायको म्हणाली, "तुमचे ते काका मंग भिंतीले टेकून खाली बसले न लहान लेकरावानी रडले. मले वाटलं माह्याच माणसाले काही झालं."

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये आम्हा सर्वांना बोलावलं. हॉस्पिटलचा फोन येऊन गेला होता. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता, तेही भ्यालेच होते. त्यांनी टेबलावर तपासणीचा कागद आपटला. "ही चूक कोणाची?"

मी तोंड उघडायला हवं होतं. माझी पहिली नोकरी होती, असल्या कंपन्या देशात मोजक्या, नाव एकदा खराब झालं की संपलं, हे सगळं डोक्यात आलं हे खरं. पण ती कारणं आहेत. मूळ गोष्ट एवढीच की मी भ्याले. त्या हमालासाठी सकाळी भ्याले होते, आता मी माझ्यासाठी भ्याले आणि जमिनीकडे पाहात उभी राहिले. एक, दोन, तीन... मी मनात आकडे मोजत होते, म्हणजे तोवर कोणीतरी काहीतरी बोलेल.

"माह्या हातून झालं, साहेब," काका म्हणाले. "बाजू मी तपासाची होती. शेवटची सही माही हाये."

खोटं म्हणावं तर त्यातला एक शब्द खोटा नव्हता. साहेबांना एक माणूस हवा होता, तो मिळाला. शिवाय मनाई असताना हॉस्पिटलात गेले, पेशंटला हात लावला, हेही काकांच्याच खात्यावर गेलं. ज्या हातामुळे तो माणूस वाचला त्या हाताचाच गुन्हा झाला! मी अजूनही जमिनीकडेच पाहात होते.

संध्याकाळी ते आपला डबा, चौकड्याचा रुमाल आणि काळ्या कागदांची गुंडाळी घेऊन निघाले. मी गेटपर्यंत धावत गेले. म्हटलं, "काका, मी उद्या साहेबांना सांगते. नक्की सांगते."

"काहून?" ते स्कूटरला किक मारता मारता थांबले. "तू राह्य इथी. तुले आज भेव लागलं, मी फोनवर आयकलं. भेव लागलेलं एक माणूस तिथी पाहिजे. मी तर दोन वर्षानं जाणारच होतो." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा पेशंटच्या ठेवायचे. "फक्त मजेत जेवू नोको."

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नवी प्लेट मी केली, अख्खं डोकं छापायला लावलं, हॉस्पिटलात जाऊन त्या माणसाच्या खड्ड्यावर हात ठेवला. कातडीखाली धक धक लागत होती. ऑपरेशन नीट झालं. नंतर मी भांडून नियम करून घेतला की प्रत्येक पेशंटला आमच्यापैकी एकानं समक्ष पाहून यायचंच. आता त्यासाठी छापील फॉर्म आहे, आणि पाहुणे आले की साहेब तो कौतुकानं दाखवतात. 'बाजू तपासली' ह्या ओळीपुढची शेवटची सही आता माझी असते, आणि प्लेट टक्क करून बसली की मला घाम फुटतो. नव्या पोरी मागे काय नाव ठेवून आहेत ते मला ठाऊक आहे. ठेवा बापा!

काकांना भेटायला जायचं मात्र चार वर्षं राहूनच गेलं. राहून गेलं कसलं, मी गेले नाही. ह्या हिवाळ्यात गेटवरच्या वॉचमननं सांगितलं की भेवकाका गेले, महिना झाला. झोपेतच गेले म्हणे.

रविवारी मी कन्हानला त्यांच्या घरी गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केव्हाच होऊन गेला होता. दोन खोल्यांचं घर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी काकांचा नवा फोटो, खिळ्याला तोच रुमाल. काकूंनी मला ओळखलं नाही, पण कंपनीतली म्हटल्यावर चहा ठेवला. जुजबी बोलणं झालं. मी निघायच्या बेतात होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमी तिथीच होत्या ना? एक इचारू का वं? त्यायच्या हातून खरंच चूक झाली होती का?"

तेच भेव लागलं. चार वर्षांपूर्वीच्या सकाळचं, जसंच्या तसं. 'झालं गेलं, काकू' असं म्हणता आलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. मी रुमालाकडे पाहिलं.

"नाही, काकू," मी म्हटलं. "चूक माझी होती. काकांनी ती पकडली. त्यांनी आपल्यावर घेतली आणि मी गप्प बसले."

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. "त्यायले माहीत होतं का, चूक तुमची होती म्हणून?"

"हो. त्याच सकाळी."

त्या रडतील, मला घराबाहेर काढतील, शिव्या देतील, ह्या सगळ्याची तयारी मी स्कूटरवर येतानाच केली होती. त्यांनी ह्यातलं काही केलं नाही.

"मले नाही सांगितलं वं त्यायनं," त्या फोटोकडे पाहात म्हणाल्या. "चार वर्षं मी त्यायले बोलत राहिली. भाजी निवडता निवडता बोलत राहिली, ताट वाढता वाढता बोलत राहिली. तीस वर्षाचा हात तुमचा, अन् एक डावं-उजवं नाही समजलं का तुमाले? ते नुसते हासत होते न जेवत होते."

मग त्या उठल्या, पदर घेतला आणि फोटोची काच पुसायला लागल्या. काच स्वच्छच होती. त्या पुसत राहिल्या.